ग्रामसभेचा डेटा एआय प्रकल्पाला द्यायचाय? सही करायच्या आधीची कामं, क्रमाने

सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांमध्ये हल्ली वर्दळ वाढलीय. कोणी ड्रोन घेऊन येतं, कोणी कार्बनचा हिशोब करायला, कोणी औषधी वनस्पती ओळखणारं ॲप बनवायला. सगळ्यांना माहिती हवी असते आणि सगळ्यांच्या पीपीटीत एआय असतंच. बहुतेक ठिकाणी होतं काय, तर सरपंच नाहीतर समितीचा अध्यक्ष एका कागदावर सही करतो, ग्रुप फोटो निघतो, हद्दीची केएमएल फाइल, म्हणजे नकाशाची संगणकीय फाइल, व्हॉट्सॲपवर जाते, आणि पुढच्या हंगामात कोणीतरी विचारतं की अरे त्या माहितीचं पुढे काय झालं. तोवर माहिती कुठल्या तरी सर्व्हरवर असते आणि तिच्यावर शिकलेलं मॉडेल (माहितीवरून शिकून अंदाज बांधणारी संगणकीय यंत्रणा) भलत्याच कामाला लागलेलं असतं.

म्हणजे क्रमच उलटा होतो. सही आधी, प्रश्न नंतर. हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार, पालघर अशा भागातल्या ग्रामसभा आणि वनहक्क व्यवस्थापन समित्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. गावात डेटा गोळा करायला जाणाऱ्या पोरापोरींनीही वाचावं, कारण निम्म्या चुका त्यांच्या बाजूने होतात.

## टप्पा १: आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी

हे काम कोणी पाहुणा, म्हणजे माहिती मागणारा, यायच्या आधी करायचं. पाहुणा समोर बसलेला असताना यादी केली की त्याला जे हवं तेच यादीत येतं.

डेटा म्हटलं की लोकांना फक्त फॉर्म आणि आकडे आठवतात. पण गावाचा डेटा म्हणजे वनहक्काच्या दाव्यासोबतचा नजरी नकाशा, जीपीएस मोजणीची फाइल, वनविभागाच्या कक्ष क्रमांकांची यादी, तेंदू संकलनाच्या वह्या, मोहफूल आणि चारोळी कुठे किती निघते ते, लोक जैवविविधता नोंदवही (गावातले जीव आणि त्यांच्याबद्दलचं ज्ञान नोंदवलेली वही), वैदूंनी सांगितलेली औषधं, देवराई आणि पेनठाण्याच्या (गोंड देवांच्या) जागा, गोंडीतली गाणी आणि झाडापाखरांची नावं, जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो, आणि लोकांच्या मोबाईलमध्ये पडलेले शेकडो फोटो. हे सगळं.

एक जाड रजिस्टर घ्या. रकाने इतकेच: माहिती काय, कोणाकडे आहे, कागदावर की फोनमध्ये की डोक्यात, आजवर कोणाला दिलीय, आणि कुठल्या गटात बसते. गट तीन पुरेत.

उघड: जी सांगितली तरी फरक पडत नाही. गावाच्या जंगलात मोह, तेंदू, ऐन, बांबू आहे, हे कोणालाही माहीत आहे.

विचारून: जी ग्रामसभेच्या परवानगीने, ठरलेल्या कामासाठीच द्यायची. कोणत्या भागात मोहाची झाडं जास्त, कोणतं घर कुठे वेचतं, दरवर्षी किती पोती निघतात.

बंद: जी गावाबाहेर जात नाही. कंदमुळं नेमकी कुठे सापडतात, खवल्या मांजराचं बीळ, ठाण्याची जागा, वैदूने घरातच ठेवलेला औषधाचा पाठ.

आता बहुतेक गावं कुठे फसतात ते सांगतो. उघड माहितीचे दोन तुकडे एकत्र आले की त्यातून बंद माहिती तयार होते. एकाने कंदाचा फोटो टाकला, मागे नाल्याचं वळण दिसतंय. दुसऱ्याने त्याच दिवशी त्याच नाल्यावरचा सेल्फी टाकला, त्यात लोकेशन आहे. झालं की! माणसाला हे जुळवायला वेळ लागतो, मशीनला लागत नाही, आणि हजारो फोटोंमधून असं जुळवणं हेच तर तिचं काम. त्यामुळे गट ठरवताना "हे एकटं बाहेर गेलं तर" एवढ्यावर थांबू नका, "आधी गेलेल्या माहितीला जोडून गेलं तर" हेही विचारा. चौथा रकाना, आजवर कोणाला दिलीय, त्यासाठीच आहे.

सावधान: ही यादी फक्त पुरुषांच्या बैठकीत करू नका. मोहफुलं वेचणं, रानभाज्या, बाळंतपणाची औषधं ही माहिती मुख्यतः बायकांकडे असते आणि तिच्यातलं काय बंद ठेवायचं हे त्यांनाच कळतं. त्यांची बैठक वेगळी घ्या, आणि दुपारी घ्या, रात्री नको.

## टप्पा २: कोणता कायदा कुठवर पुरतो

वकील व्हायची गरज नाही, पण चार कायद्यांची नावं आणि त्यांची हद्द समितीतल्या दोघातिघांना तरी तोंडपाठ हवी.

वनहक्क कायदा, २००६. सगळ्यात कामाचा हाच. कलम ३(१)(झ) म्हणजे सामूहिक वनसंसाधनाचं संरक्षण आणि व्यवस्थापन, ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कलमात पुढे, इंग्रजी प्रतीत ३(१)(के) म्हणून, जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञान आणि बौद्धिक संपदेवर समुदायाचा हक्क लिहिलाय, तो कोणी वाचत नाही. आपल्या ठरावात याच कलमाचा आधार घ्यायचा. कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता जपायचा अधिकार देतं, तेही जोडा.

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, १९९६. अनुसूचित क्षेत्रात असाल तर. परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक संसाधनं जपायला ग्रामसभा सक्षम आहे असं त्यात स्पष्ट आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे.

जैवविविधता कायदा, २००२. यात ग्रामपंचायतीच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तिच्या ताब्यात असते. तुमच्या हद्दीतल्या जैविक संसाधनाच्या आणि त्यासंबंधीच्या ज्ञानाच्या वापराबद्दल राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण किंवा राज्य जैवविविधता मंडळ निर्णय घेणार असेल तर त्यांनी या समितीशी सल्लामसलत करायची असते, कलम ४१(२). महाराष्ट्राचं मंडळ नागपुरात आहे. २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, तिच्यात आयुष वैद्यांना आणि ग्रंथात नोंदलेल्या ज्ञानाला सूट मिळाली आणि तुरुंगवासाच्या जागी दंड आला. माझ्या मते त्यामुळे गावाची बाजू थोडी लंगडी झाली, पण समिती अजून आहे आणि तिचा वापर होतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. हा कायदा माणसाच्या डेटाला लागतो, गावाच्या नाही. कोणा बाईचं नाव, फोटो, आवाज यात येतो, पण "आमच्या जंगलात अमुक कंद तमुक जागी" हे येत नाही. शिवाय संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागता येते, म्हणजे मराठी आणि संथाली चालेल, पण गोंडी, कोरकू, भिली, वारली त्या यादीत नाहीतच. म्हणून भाषेची अट आपणच करारात घालायची, कायदा घालणार नाही.

तपासा: नोंदवही कधी आणि कशी तयार झाली? राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती, उशीर केला तर दंड होता, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी नोंदवह्या धावपळीत भरल्या गेल्या. आपली नोंदवही एकदा उघडून वाचा. शेजारच्या तालुक्यातल्या वनस्पती आपल्या नावावर असतील, किंवा बंद गटातली माहिती पत्त्यासकट उघडी पडलेली असेल. आणि लक्षात ठेवा, सरकारी दप्तरात गेलेला कागद माहितीच्या अधिकारात मागता येतो.

## टप्पा ३: पाहुणा यायच्या आधीच ठराव

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो एका दिवसात नाही, त्यामागे अभ्यासगटांच्या बैठका होत्या. डेटाचंही तसंच, आधी दोन बैठकांत नुसती चर्चा होऊ द्या, ठराव तिसऱ्या बैठकीत.

ठरावाचा नमुना, आपल्याप्रमाणे बदलून घ्या:

"वनहक्क अधिनियम २००६ मधील सामूहिक वनसंसाधनाचे व्यवस्थापन व पारंपरिक ज्ञानासंबंधीच्या हक्कांनुसार ही ग्रामसभा ठराव करते की, ग्रामसभेच्या हद्दीतील जंगल, जैवविविधता, पारंपरिक ज्ञान व भाषा यांसंबंधीची कोणतीही माहिती, नकाशा, छायाचित्र, ध्वनिमुद्रण अथवा ड्रोन चित्रीकरण गोळा करण्यापूर्वी ग्रामसभेची लेखी परवानगी आवश्यक राहील. ही माहिती संगणकीय मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरण्यास स्वतंत्र परवानगी लागेल. कोणाही एका पदाधिकाऱ्याची सही ही ग्रामसभेची परवानगी मानली जाणार नाही."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, ते गाळू नका.

गणपूर्ती नीट घ्या. वनहक्क नियमांप्रमाणे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ग्रामसभेच्या निम्म्याहून कमी सदस्य नकोत आणि हजर असलेल्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात. सूचक, अनुमोदक, सह्या-अंगठे, प्रोसिडिंग बुकात नोंद. ठरावाची प्रत ग्रामपंचायत, वनपरिक्षेत्र कार्यालय आणि उपविभागीय अधिकारी यांना द्यायची आणि पोच घ्यायची. पोच नसेल तर ठराव कपाटातच राहिला समजा.

नेहमीची चूक: गट ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत ठराव करणं. चार-पाच गावांची पंचायत असेल तर त्या सभेत तुमच्या टोल्याचा आवाज कुठे ऐकू येणार! ज्या गावाच्या किंवा पाड्याच्या ग्रामसभेला हक्क मिळालाय, ठराव तिचाच पाहिजे.

## टप्पा ४: पाहुणा आला की आधी त्याचे कागद

चहा द्या, पण मोबाईलमधली फाइल देऊ नका. लेखी अर्ज मागा, मराठीत, आणि तो बैठकीत गोंडीत नाहीतर कोरकूत वाचून दाखवायला सांगा. ज्याला आपलं काम गावाच्या भाषेत सांगता येत नाही त्याने सोबत सांगणारा आणावा.

अर्जात या गोष्टींची उत्तरं हवीत:

पैसा कोणाचा आहे? संस्था पुढे असते, मागे कंपनी, विद्यापीठ नाहीतर परदेशी फंड असतो. परदेशी व्यक्ती किंवा संस्था असेल तर जैविक संसाधन आणि ज्ञान घ्यायला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते, तिचा कागद मागा.

माहिती कुठे साठणार, कोणाच्या नावावर, किती वर्षं?

मॉडेल कशाचं आहे आणि त्याचा निकाल कोण वापरणार? "संशोधनासाठी" हे उत्तर नाही. वनविभागाच्या कार्य आयोजनेत (जंगलाच्या कामाच्या आराखड्यात) जाणार, कार्बन क्रेडिट विकायला वापरणार, की वनहक्काचे दावे तपासायला? शेवटचं असेल तर दोनदा विचारा. २०२५ च्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या सरकारी स्पर्धेत आदिवासी कार्य मंत्रालयाचा एक विषय एआयवर चालणाऱ्या वनहक्क ॲटलसचा होता, म्हणजे दिशा कुठली आहे ते दिसतंच आहे. ॲटलस वाईट असतो असं नाही, पण आपण दिलेल्या बिंदूंवर शिकलेलं मशीन उद्या आपल्याच दाव्याला नाही म्हणणार असेल तर ते आधी माहीत हवं.

नाही म्हटलं तर काय होईल? याचं उत्तर "काही नाही" असंच हवं. "मग योजना मिळणार नाही" असा सूर निघाला तर ती संमती नाही, दडपण आहे, आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहून ठेवा.

अर्ज आल्यावर त्याच बैठकीत निर्णय देऊ नका. पुढच्या सभेत द्या. पाहुणे म्हणतात गाडी परत जायचीय, डेडलाइन आहे, वगैरे. असू दे.

## टप्पा ५: करार, आणि त्यातल्या चार वेगळ्या परवानग्या

बाकी टप्पे कमीजास्त झाले तरी सावरता येतात, हा नाही, म्हणून इथे वेळ घ्या. एकच "आम्ही संमती देतो" असा कागद कधीच करायचा नाही. चार परवानग्या, चार ओळी, प्रत्येकीसमोर हो किंवा नाही.

पहिली, गोळा करायची. कोणती माहिती, कोणत्या भागातली, कोणत्या तारखेपर्यंत.

दुसरी, साठवायची. कुठे, किती काळ. मूळ प्रत गावाकडे राहील आणि पाहुण्याकडे नक्कल, असं लिहा. उलटं नाही. गावाची प्रत पेन ड्राइव्हवर आणि छापील, दोन्ही.

तिसरी, मॉडेल शिकवायची. ही कायम वेगळी मागायची. कारण सांगतो. वहीतली नोंद खोडता येते, सर्व्हरवरची फाइल डिलीट करता येते, पण मॉडेल एकदा त्या माहितीवर शिकलं की तिचा परिणाम मॉडेलच्या लाखो आकड्यांमध्ये विरघळलेला असतो. पिठात पडलेलं मीठ वेचून काढण्यासारखं आहे ते. तेवढाच भाग विसरायला लावणं अवघड आणि खात्रीचं नाही, नीट करायचं तर मॉडेल त्या माहितीशिवाय पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं आणि तो खर्च कोणी करत नाही. म्हणून "नंतर नाही वाटलं तर काढून टाकू" हे आश्वासन फाइलपुरतं खरं, मॉडेलपुरतं नाही. शंका असेल तर पहिल्या वर्षी ही ओळ "नाही" ठेवा. आणि "हो" म्हटलंत तरी कोणतं मॉडेल, कोणतं काम, हे लिहून घ्या, दुसऱ्या मॉडेलला तीच माहिती वापरायला पुन्हा परवानगी. न्यूझीलंडमध्ये माओरींच्या ते हिकू मीडियाने आपल्या भाषेची रेकॉर्डिंग बाहेरच्या कंपन्यांना न देता स्वतःच आवाज ओळखणारं मॉडेल बनवलं, तेव्हा अशी अट घालणं म्हणजे अडाणीपणा आहे असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण सांगा.

चौथी, प्रसिद्ध करायची आणि तिसऱ्याला द्यायची. "ओपन डेटा" हा शब्द ऐकायला छान आहे आणि सरकारी नकाशे उघडे असावेत हे मलाही पटतं. पण एकदा खुल्या परवान्यावर टाकलेली माहिती परत बोलावता येत नाही. कच्ची माहिती बंद ठेवून फक्त गोळाबेरीज प्रसिद्ध करायची, हा मधला मार्ग बहुतेक वेळा पुरतो.

याशिवाय करारात फायदा लिहा. पैसे असतील तर ग्रामसभेच्या बँक खात्यात, कोणाच्या वैयक्तिक खात्यात नाही. पैसे नसतील तर नकाशे, प्रशिक्षण, गावातल्या दोन पोरांना काम, निकालाची मराठी प्रत. आणि मुदत एक वर्ष, आपोआप वाढणारी नको.

सावधान: गावाची संमती आणि माणसाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामसभेने हो म्हटलं म्हणून वैदूने पाठ सांगितलाच पाहिजे असं नाही. आणि वैदूने हो म्हटलं म्हणून गावाचं ज्ञान विकायला परवानगी मिळाली असंही नाही. दोन्ही हव्यात.

## टप्पा ६: प्रत्यक्ष जंगलात

फोनचं लोकेशन कॅमेऱ्यातून बंद करा. चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश लपून बसतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच जातात, आणि सर्व्हेवाले क्वालिटी हवी म्हणून नेमकं डॉक्युमेंट म्हणूनच मागतात.

लोकेशन द्यायचंच असेल तर आकडे कापून द्या. दशांश चिन्हापुढे पाच आकडे असले की जागा साधारण मीटरभरात सापडते, म्हणजे झाडच. चार आकडे म्हणजे दहा-अकरा मीटर. दोन आकडे म्हणजे साधारण एक किलोमीटर. एकच ठेवला तर दहा-अकरा किलोमीटर. मोहाचा पट्टा दाखवायला दोन आकडे भरपूर, खवल्या मांजराची नोंद एका आकड्यावर नेऊन ठेवा. आयनॅचरलिस्टसारखी ॲप धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप धूसर करतात, पण आपल्या गावाला मोलाचा असलेला कंद त्यांच्या यादीत असेलच असं नाही, त्यामुळे तिथे नोंद करताना धूसर करण्याचा पर्याय हाताने निवडा.

कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आणि एआय कॅमेरे. वाघ आला की गावाला अलर्ट देणारी यंत्रणा कामाची आहे, बिबट-वाघाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ते सांगायला नको. पण तोच कॅमेरा माणसांनाही टिपतो. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातल्या गावांवर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंगलात शौचाला गेलेल्या एका बाईचा कॅमेरा ट्रॅपमधला फोटो स्थानिक ग्रुपवर फिरल्याचं त्यात आहे, आणि कॅमेरे आल्यापासून बायका जंगलात मोठ्याने बोलेनाशा-गाईनाशा झाल्याचंही. वाघाच्या जंगलात आवाज करत जाणं ही सुरक्षितता असते, म्हणजे कॅमेऱ्याने धोका उलट वाढवला. तेव्हा कॅमेऱ्याची प्रत्येक जागा बायकांच्या बैठकीत दाखवून मगच लावायची, पाणवठ्याच्या आणि शौचाच्या वाटेवर नाही, आणि माणसाचा फोटो आला तर कोण बघणार, किती दिवसांत पुसणार हे आधी लिहून.

तपासा: रोज संध्याकाळी गोळा झालेली माहिती गावातल्या एकाने तरी बघायची. बंद गटातलं काही चुकून आलं असेल तर अपलोडच्या आधी काढता येतं, नंतर नाही.

## टप्पा ७: मॉडेलने काय सांगितलं ते शिवारात जाऊन बघा

इथपर्यंत बरीच गावं येतात आणि इथे सोडून देतात, कारण रंगीत नकाशा बघून वाटतं की मशीनला कळतंय. मशीनला पिक्सेल कळतात. सेंटिनल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल (चित्राचा सगळ्यात लहान चौकोन) दहा मीटर बाय दहा मीटर, त्यात एक मोठा मोह मावतो. भारतीय वन सर्वेक्षण बरीच वर्षं वापरत असलेल्या लिस-३ या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचा साडेतेवीस मीटर. शिवाय त्यांच्या व्याख्येत एक हेक्टरवर दहा टक्के छत्र असलं की झालं वनाच्छादन, मालक कोणी असो आणि झाड कोणतंही असो. त्यात सागाची लागवडही आली आणि फळबागही. अशा लेबलांवर शिकलेलं मॉडेल तसंच बोलणार.

पहिला प्रश्न विचारा: चित्र कोणत्या महिन्यातलं? आपलं जंगल पानझडी. एप्रिलमध्ये साग, मोह अशी बरीच झाडं बोडकी असतात, वरून बघणाऱ्याला जंगल उजाड झालंय असं दिसतं, आणि ऑक्टोबरमधलं तेच जंगल हिरवंगार. एप्रिलच्या चित्रावरून "अवनत जंगल" असा शिक्का बसला की पुढे तिथे लागवडीचा प्रस्ताव येतो. पावसाळ्यानंतरचं आणि उन्हाळ्यातलं, दोन्ही चित्रं वापरली नसतील तर नकाशा परत पाठवा. गुरचरणीच्या माळालाही हाच त्रास, सरकारी वेस्टलँड ॲटलसमध्ये झुडपी माळ पडीक म्हणून मोजलाय आणि मॉडेल तेच शिकतं.

दुसरं, "मॉडेल ९० टक्के अचूक आहे" याला भुलू नका. समजा नकाशावर शंभर चौकोन आहेत, नव्वदमध्ये जंगल आणि दहामध्ये वनहक्काची शेतं. मॉडेलने डोळे मिटून शंभरही ठिकाणी जंगल म्हटलं तरी ते ९० टक्के बरोबर, आणि शेत मात्र एकही सापडलेलं नाही. ज्याची जमीन त्या दहात आहे त्याच्यासाठी ते शून्य टक्के अचूक. म्हणून प्रत्येक प्रकाराची अचूकता वेगळी मागा: शेत किती बरोबर, बांबू किती, माळ किती.

मग शिवारफेरी. नकाशा मोठा छापून घ्या, प्रत्येक प्रकाराची किमान वीस-तीस ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडा. चिठ्ठ्याच टाका, नाहीतर सगळी ठिकाणं रस्त्याच्या कडेची निघतात आणि तिथे मॉडेल बरोबरच असतं. प्रत्येक ठिकाणी जाऊन वहीत तीन रकाने: मशीन काय म्हणतं, गाव काय म्हणतं, फोटो क्रमांक. म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या, वीस वर्षांपूर्वी तिथे काय होतं हे उपग्रहापेक्षा त्यांना जास्त खात्रीने माहीत असतं.

## टप्पा ८: धोरणात जाताना आणि बिघडलं तर

शिवारफेरीची वही ठरावासोबत जोडून नकाशा वापरणाऱ्या कार्यालयात द्या आणि लेखी मागणी करा की नकाशा जिथे जाईल तिथे ही दुरुस्ती सोबत जाईल. सामूहिक वनसंसाधनाचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेचा असतो, त्यात मशीनचा आकडा आणि गावाचा आकडा शेजारी शेजारी छापा.

उपग्रह चित्राच्या आधारे वनहक्काचा दावा नाकारला असेल तर वनहक्क नियमांतला नियम १२-क वाचा, तो २०१२ च्या दुरुस्तीने आला. त्यात सरळ लिहिलंय की उपग्रह प्रतिमा आणि इतर तंत्रज्ञान हे बाकी पुराव्याला पूरक असेल, त्याच्या जागी चालणार नाही. एआयचा नकाशाही तंत्रज्ञानच, त्याला वेगळी सूट नाही. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे ६० दिवसांत जायचं असतं. निर्णयाची लेखी प्रत आणि ती मिळाल्याची तारीख हातात ठेवा, मुदत हुकवण्यासाठी तारखेचाच घोळ घातला जातो.

माहिती फुटली असेल तर आरडाओरडा करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारखेसकट, कारण तक्रार गेली की पान गायब होतं. मग कराराचा हवाला देऊन संस्थेला लेखी नोटीस, जैवविविधता समितीला आणि राज्य मंडळाला प्रत. कोणाचा फोटो किंवा नाव असेल तर त्या माणसाच्या सहीने वेगळा अर्ज, ग्रामसभेच्या नावाने तो चालणार नाही. आणि फुटलेली माहिती रजिस्टरमध्ये लगेच "बाहेर गेली" म्हणून नोंदवा, पुढचा पाहुणा आला की काय काय जोडलं जाऊ शकतं ते त्यावरूनच ठरतं.

राहिला एक व्यवहाराचा भाग, ज्यावर कोणी बोलत नाही: समिती बदलली की पासवर्ड कोणाकडे? गावाच्या ड्राइव्हचं खातं कोणा एका पोराच्या खासगी जीमेलवर असतं आणि तो पुण्याला नोकरीला जातो. खातं ग्रामसभेच्या नावाने उघडा, फोन नंबर समितीचा ठेवा, पासवर्ड बंद पाकिटात रजिस्टरच्या कपाटात, चावी दोघांकडे आणि त्यातली एक बाई. नवीन समिती बसली की पहिल्याच बैठकीत पाकीट फोडून पासवर्ड बदलायचा आणि तशी प्रोसिडिंगमध्ये नोंद करायची.